सरावाची मुलाखत

तिनं चिठ्ठी उलगडली. नाव निघालं होतं ते तिच्याच सरांचं.

"बदलून मिळेल का?" तिनं टेबलामागच्या ताईला हळूच विचारलं.

"एकदा काढली की काढली. नाहीतर सगळेच बदलत बसतील." ताईनं चिठ्ठ्यांचा वाडगा पुढच्या मुलीकडे सरकवला. "अगं, तुझेच सर ना? मग भितेस कशाला? घरचंच कार्य."

वैद्यकीय उपकरणांच्या परिषदेतला हा तास विद्यार्थ्यांचा होता. भिंतींवर कृत्रिम गुडघ्यांची आणि हृदयाच्या झडपांची चित्रं, मधोमध छोटी छोटी टेबलं. प्रत्येक टेबलाशी एक जाणतं माणूस आणि समोर रिकामी खुर्ची. नोकरीची मुलाखत कशी द्यायची, त्याचा सराव. खऱ्या मुलाखती जेवणानंतर होत्या, आणि त्या मोजक्यांनाच. त्यात ती होती. झडपा बनवणाऱ्या कंपनीच्या बाईंनी सकाळीच तिचं काम पाहून तिला बोलावलं होतं. अट एकच घातली होती.

"आधी सरांच्या कानावर घाल, बाळा. त्यांच्या नकळत त्यांचं माणूस आम्ही उचलत नाही. आम्हाला पुन्हा त्यांच्याच दारात जायचं असतं."

तेव्हापासून ती सरांच्या मागेपुढे करत होती. आणि सर भेटेल त्याला सांगत होते, "ही आता माझ्याकडेच पीएच.डी. करणार. ही गेली तर माझा पंप बंद पडेल."

ते काही खोटं नव्हतं. तान्ह्या बाळांच्या कमजोर हृदयाला हातभार लावणारा पंप सर बनवत होते. तो तपासायला प्रयोगशाळेत नळ्यांचं जाळं मांडलेलं असे. नळीत हवेचा एवढासा बुडबुडा राहिला तरी दाबाचे आकडे चुकत. ते बुडबुडे काढावेत तिनंच. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं नळीवर टकटक करत ती त्यांना असं हुसकायची की बरोबरीची मुलं तिला बुडबुडीच म्हणू लागली होती. तिनं स्वतः आखलेली झडप मात्र कधीची खणात पडून होती. "करू गं, आधी हे एवढं मार्गी लागू दे," असं सर दर वेळी म्हणायचे, आणि प्रेमानंच म्हणायचे.

"या मॅडम, बसा," सर हसून म्हणाले. कंपनीच्या साहेबाचं सोंग त्यांना मनापासून आवडलेलं दिसत होतं. "हं, सध्याची जागा का सोडताय?"

"तिथं खूप शिकायला मिळालं. आमचे सर मला वडिलांसारखे आहेत, पण…"

"नापास." त्यांनी पेन आपटलं. "वडिलांसारखे आहेत, तर माहेर सोडून इकडे कशाला आलात? असं गुळमुळीत बोलू नकोस गं. समोरच्याला लगेच कळतं. खरं काय ते सांग. मी तुझा सर नाहीच, असं समज."

तिनं मान खाली घातली. मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

"सरांना माझे हात हवे आहेत," ती म्हणाली. "डोकं मी घरी ठेवून गेले तरी तिथं चालतं. मी बुडबुडे चांगले काढते म्हणून मला सोडवत नाही त्यांना. रागवत नाहीत, अडवत नाहीत. नुसतं लेक म्हणतात, आणि मग माझ्या तोंडून शब्दच फुटत नाही. अजून राहिले तर मला दुसरंही काही येतं, हे मीच विसरून जाईन."

सर हसले. जरा उशिरा, पण मोठ्यानं.

"अरे, इकडे या सगळे. उत्तर कसं द्यावं ते ऐका."

मुलं खुर्च्या सरकवत जमली. मागून कॉफीचा कप घेऊन कंपनीच्या बाईही आल्या.

"ए बुडबुडी, हे पाठ कधी केलंस गं?" तिच्याच प्रयोगशाळेतला एकजण कुजबुजला.

"सांग पुन्हा," सर म्हणाले. "जरा मोठ्यानं."

तिनं बाईंकडे पाहिलं आणि पुन्हा सांगितलं. एक शब्द गाळला नाही. बुडबुड्यांपाशी सगळे हसले. शेवटी टाळ्या पडल्या.

"काय हो सर," बाईंनी विचारलं, "चालली की काय तुमची विद्यार्थिनी? तुमच्या कानावर आलंय ना?"

"आलं असतं तर असा हसलो असतो का?" सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "लेक आहे ती माझी. जाते कुठे?"

बाईंनी कप खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं.

तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

"सर, हा सराव नाही. मी खरंच सोडून चाललेय."

सरांनी सावकाश पेनाला टोपण लावलं आणि तिच्याकडे न बघता ते मुलांकडे वळले.

"बघा, आवाज कसा भरून आलाय. डोळेसुद्धा. हे शेवटचं वाक्य लिहून घ्या सगळ्यांनी."

माना खाली गेल्या. तिच्याभोवती सगळे लिहू लागले.