हळद लावलेलं द्रावण

शमानं पोलादी भांड्याचं झाकण काढलं. आतलं द्रावण पिवळंच होतं. वर्षभर प्रत्येक प्रयोगानंतर ते काळं पडायचं. पाण्याची आणि कार्बन मोनॉक्साइडची गाठ घालून हायड्रोजन देता देता त्यातला धातू दमायचा, तळाशी बसायचा. आज तो टिकला होता. आता प्रबंध पुरा होणार होता. तिच्यात हसायचंही त्राण नव्हतं.

"मॅडम, बघा. जसंच्या तसं."

तिच्या मार्गदर्शक दिघे मॅडमनी झाकण काढण्याआधी भांड्यातून घेतलेला वायूचा नमुना तपासायला लावला. पडद्यावर हायड्रोजनची रेघ उठलीच नाही. त्यांनी मागं वळून पाहिलं. सिलिंडर उघडायची किल्ली नायट्रोजनवरच अडकलेली होती.

"अगं, कार्बन मोनॉक्साइडऐवजी नायट्रोजन भरलास."

शमा स्टुलावर टेकली. "म्हणजे यानं काही केलंच नाही."

"म्हणून तर नवरदेवासारखं बसलंय, हळद लावून."

मॅडमनी टाकायला काढलेली, कालच्या काळ्या द्रावणाची बाटली उचलली, पदरानं पुसली. "राबलं ते हे. प्रबंधात याचंच लिही, किती दिलं आणि कशानं दमलं."

मग शमाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यांना दिसली.

"पण आधी घरी जा. झोप."