शेवटच्याचा चाहता

"अहो, जग पहिल्याला टाळ्या वाजवतं, तुम्हाला त्या शेवटच्याचं काय एवढं?" बायको म्हणाली. पाच दिवस मी एसटीनं सायकल शर्यतीमागे हिंडत होतो. तांबड्या केसांचा एक परदेशी गडी रोज शेवटचा यायचा आणि मी ओरडायचो, "चल गड्या, चल!"

शेवटच्या दिवशी शर्यत आमच्याच घाटात आली. अर्ध्या चढावर गडी उतरून रडायलाच बसला. मग मी दुधाच्या भरल्या किटल्यांसकट माझी सायकल त्याला मागे टाकून पुढे दामटली.

त्याला असा चेव आला! "चल गड्या, चल!" असं मलाच ओरडून सांगत तो पुढे निघून गेला.

निकालाच्या फलकावर तो शेवटून दुसरा. शेवटचा मी. खोटं वाटत असेल तर बायकोला विचारा. मला टाळ्या वाजवायला ती एकटीच थांबली होती.