डाव्या डोळ्यावर फोकस

पूर्णिमाकाकूंनी मोबाइल कस्तुरीच्या नाकासमोर धरला. "बघ, कशी गोड आलीयेस!"

फोटोतली मुलगी गोडच होती. फक्त ती कस्तुरी नव्हती. कस्तुरीच्या डाव्या डोळ्यापासून गालापर्यंत कोडाचा पांढरा डाग आहे, शाळेत असल्यापासून. मोबाइलनं तो पुसला नव्हता. उरलेला अख्खा चेहराच त्यानं डागाइतका गोरा करून टाकला होता. डागाची अशीही सोय लावता येते, हे कस्तुरीला नवीन होतं.

समोरच्या सोफ्यावर काकूंचा जयेश बसला होता. बघण्याचा कार्यक्रम मागच्या रविवारीच झाला, पसंतीही आली. आज आई-लेक साखरपुड्याची तारीख ठरवायला आले होते. याआधीची सगळी स्थळं डाग बघून चहाचे कप अर्धे टाकून उठली होती. त्यामुळे कस्तुरीच्या आईचा, शोभनाबाईंचा, हात आज आनंदानं इतका सैल सुटला होता की पोहे शेवेखाली दिसेनासे झाले होते.

"हाच फॅमिली ग्रुपवर टाकते," काकू म्हणाल्या. "आम्हाला काही फरक पडत नाही बेटा, सच्ची. पर रिश्तेदार... तुला माहितीये ना. लग्नापर्यंत हाच चालू दे."

"आणि लग्नाच्या दिवशी काकू? अंतरपाटाऐवजी मोबाइल धरायचा का मध्ये?"

"कस्तुरी!" शोभनाबाई बशी घेऊन पुढे आल्या. "अगं, चांगली माणसं आहेत. एका फोटोनं काय बिघडतंय?"

चांगली होतीच. आणि खरं सांगायचं तर कस्तुरीला जयेश आवडला होता. म्हणूनच तिला जास्त राग आला. परक्याचं काय, तो गेला की विषय संपतो.

ती आत गेली आणि आपला कॅमेरा घेऊन आली. राजवाड्याजवळच्या साडीवाल्यांसाठी ती फोटो काढते. मोबाइलच्या फोटोत मरून साडी लालभडक दिसते, गिऱ्हाईक भांडायला येतं, म्हणून ते दुकानदार तिला बोलावतात.

"बाप रे, एवढा मोठा डब्बा!" काकू हसल्या. "आजकाल कोण वापरतं?"

"सच में, आता मोबाइलच भारी आहेत," जयेशलाही बोलायला विषय मिळाला. "अंधारात मस्त फोटो येतात. लगेच एडिट, लगेच शेअर. काही करावंच लागत नाही."

"तेच तर. आपल्याला न विचारताच सगळं करून मोकळा होतो तो." तिनं कॅमेरा त्याच्या हातात दिला. "घ्या. तुम्ही काढा माझा."

जयेशनं तो तान्हं बाळ घ्यावं तसा दोन्ही हातांनी घेतला.

"बटण आधी अर्धंच दाबायचं. फोकस जमला की हिरवा चौकोन दिसेल. मग पूर्ण दाबा."

"फोकस कुठे करू?"

"डाव्या डोळ्यावर."

जयेशनं डोळा कॅमेऱ्याला लावला. मागच्या भेटीत तो सगळा वेळ तिच्या उजव्या कानाशी बोलला होता. आज त्याला नीट बघावंच लागलं. चौकोन जरा भिरभिरला, मग डागाच्या मधोमध असलेल्या त्या डोळ्यावर स्थिरावला. खटकन आवाज झाला.

फोटो चांगला आला होता. सावळा रंग सावळा, पांढरा पांढरा, आणि डोळ्यांत मघाचा राग जशाचा तसा.

कस्तुरीनं तो वायफायनं त्याच्या मोबाइलवर पाठवला. "आता टाका ग्रुपवर."

जयेशनं फोटो उघडला. त्याच्या मोबाइलला काही राहवेना. लगेच खाली पट्टी आली: 'चेहरा उजळ करायचा?' शेजारी 'हो' आणि 'नाही'.

जयेशचा अंगठा हवेतच थांबला. त्यानं आईकडे पाहिलं.

"हो दाब ना बेटा," काकू समजुतीनं म्हणाल्या. "त्यात काय एवढं?"

शोभनाबाई बशी धरून उभ्या होत्या. मुलीनं आता तरी गप्प बसावं म्हणून त्या डोळ्यांनीच विनवत होत्या.

कस्तुरीनं टीपॉयवरचा कॅमेरा उचलला, बटण अर्धं दाबलं, चौकोन जयेशच्या चेहऱ्यावर बसू दिला आणि मग पूर्ण दाबलं.

जयेश दचकला. "अरे, माझा कशाला?"

"आमचाही ग्रुप आहे. मुलगा कसा आहे, विचारतात सगळे."

तिनं कॅमेऱ्याचा पडदा त्याच्याकडे वळवला. फोटो स्वच्छ आला होता, मिशीचा केस न् केस मोजता येईल इतका. अंगठा हवेत, आणि नजर आईकडे.

जयेश बघतच राहिला. "हा नको ना टाकू," तो हळूच म्हणाला. "थोडा ठीक करून घे."

"ते तुम्हालाच करावं लागेल," कस्तुरी म्हणाली. "हा कॅमेरा करत नाही."