धक्कास्टार्ट

नांदुऱ्याजवळच्या रेल्वेगेटवर धम्मदीपचा टेम्पो सगळ्यात पुढे अडकला होता. मालगाडी गेली तरी फाटक उघडेना. आता एक्स्प्रेस यायची होती. मागे लांबच लांब रांग, आणि सगळ्यात जास्त धूर त्याच्याच टेम्पोचा.

मागच्या ऑटोतून एक म्हातारी उतरली आणि तोंडाला पदर लावून त्याच्या खिडकीशी आली.

"बापू, गाडी बंद कर ना. मले दमा हाय."

धम्मदीप ओशाळला. "मावशी, सेल्फ गेला हाय. बंद केली तं धक्क्याबिगर चालूच होत नाही."

"मंग मी मारतो धक्का. कर तू बंद."

त्यानं चावी फिरवली. म्हातारीनं पदर खाली घेतला आणि कठड्याला टेकून छातीभर श्वास घेतला.

एक्स्प्रेस गेली, फाटक वर चढलं. मागे नुसता हॉर्नचा कल्ला. खाली कोणी उतरेना. आरशात पाहिलं तर म्हातारी खरोखरच टेम्पोला हात लावून उभी होती. तिचा ऑटोवाला नाइलाजानं मदतीला आला. टेम्पो हलला, धम्मदीपनं दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. इंजिन हिसका देऊन सुरू झालं आणि काळा धूर भसकन मागे गेला.

आरशात म्हातारी दिसेनाशी झाली. त्याचा पाय ब्रेककडे गेला.

धुरातून आधी खोकला आला, मग तिचा आवाज.

"थांबू नको, बापू. बंद पडन."