फुटलेलं मत

देवीसमोर नारळ ठेवला होता आणि चांगूचा हात काही उचलत नव्हता.

वाडीत मतं चौऱ्याऐंशी. गावकीनं बैठक घेऊन सगळी एकाच उमेदवाराला द्यायची ठरवली होती. बूथचे आकडे आले तेव्हा त्र्याऐंशीच निघाली. एक फुटलं. आता ज्यानं त्यानं नारळावर हात ठेवून सांगायचं, मी ठरल्याप्रमाणे दिलं. देवीच्या नारळावर खोटं बोलायची छाती इथे कोणाची नाही. हात न ठेवणारा वाळीत. चांगूच्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं, आणि वाळीत पडलेल्याच्या मांडवात कोणी पाऊल टाकत नाही.

अपेक्षा बायकांत बसली होती. वाडीचे प्रमुख, म्हणजे गावकर, हरिबा हे तिचे वडील. महाडच्या कॉलेजातल्या परीक्षेसाठी तिनं सकाळीच घरात मोठ्यानं उत्तर वाचलं होतं, विलायतेत मताच्या हक्कासाठी झालेल्या दोन चळवळींची तुलना. पहिली चार्टिस्टांची, म्हणजे कामगारांना मत मागणाऱ्यांची. त्यांनी तेहतीस लाख सह्यांचा अर्ज केला, कागद सहा मैल लांब.

"म्हंजे आपल्या वाडीपास्नं पोलादपूरपत्तर कागुद!" हरिबांनी तोंडात बोट घातलं होतं.

दुसरी चळवळ गुप्त मतदानाची. तिथे पूर्वी मत चारचौघांत मोठ्यानं सांगावं लागे, आणि जमीनदाराला रुचलं नाही की कूळ घराबाहेर. एकजण वर्षानुवर्षं पार्लमेंटात तोच ठराव मांडत राहिला आणि हरत राहिला. "ह्यात काय दम नाय," हरिबा म्हणाले होते. अपेक्षानंही पहिलीलाच मोठं ठरवलं होतं. आई, अंबूबाई, तांदूळ निवडत होती. तिनं एवढंच विचारलं होतं, "मग मताला पडदा कवा आला गो?"

"चांगू, ठेव हात!" हरिबांचा आवाज चढला.

"थांबा." अंबूबाई उठली. "पयला मान गावकराच्या घरचा."

रीत खरीच होती. हरिबांची मान ताठ झाली. अंबूबाई पुढे गेली, नारळ उचलला आणि सरळ पदरात घेतला.

"मी हात ठेवनार नाय. पडद्यामागं काय केलं ते माझं मला ठावं. वाळीत टाकायचं तर आधी गावकराचं घर टाका."

मग म्हातारी राहीबाई गुडघ्यावर हात टेकत उठली आणि अंबूबाईशेजारी जाऊन उभी राहिली. तिच्यामागून सुरेखा, आणि मग बघता बघता सगळ्या बायका. अपेक्षाच्या अंगावर सर्रकन काटा आला. जिला सही करतानाही पेन धड धरता येत नाही ती आपली आई! तो सहा मैलांचा कागद तिला एकदम आखूड वाटला. तीही उठली.

एवढी घरं वाळीत टाकायची तर वाडीत उरणार कोण? हरिबांनी बैठक मोडली. चांगू देवळाच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला.

घरी जाताना हरिबांनी बायकोला वाटेतच गाठलं. मागून अपेक्षा येत होती.

"चार लोकांत माझं नाक कापलंस," ते म्हणाले. "आता मला तरी सांग, मत कोनाला दिलंस?"

अंबूबाईनं पदरातला नारळ काढून त्यांच्या ओंजळीत ठेवला. त्यावर आपला हात ठेवला.

"तुमी सांगितलंत त्यालाच."