मूकपटातलं वाक्य

पडद्यावर विक्कीचा चेहरा भिंतभर झाला, आणि कर्णबधिर शाळेच्या हॉलमधली निम्मी पोरं एकदम ताठ बसली.

पियूष खुशीत आला. मूकपट त्याचाच होता. "पाहा विक्कीभाऊ," तो कानाशी लागून म्हणाला, "म्हणलं नव्हतं? ही पब्लिक आपली आहे. यायले आवाजाची गरजच नाही."

मूकपट आपण कलेच्या वेडापायी काढतो, असं पियूष सांगत फिरायचा. खरं म्हणजे चांगला माइक परवडत नव्हता म्हणून पहिला काढला, त्याला बक्षीस मिळालं, आणि मग अडचणीचं तत्त्व झालं. आतापर्यंत चार झाले होते आणि चारहींत काम विक्कीच्या मुलीनं, रोशनीनं केलं होतं. पोरगी आठ वर्षांची, पण पेपरात फोटो आला होता. विक्कीनं ते कात्रण लॅमिनेट करून लकडगंजमधल्या लाकूड चिरायच्या आरामशीनवर, जिथं तो कामाला होता तिथं, मालकाला विचारून भिंतीवर लावलं होतं. लाकूड घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवल्याशिवाय तो माप घेत नसे.

आजच्या चित्रपटात बापाचं काम करणारा माणूस ऐनवेळी आला नव्हता, म्हणून विक्कीच उभा राहिला होता. बाप परगावी निघतो आणि मुलीचा निरोप घेतो, एवढाच प्रसंग. पडद्यावर आधी अक्षरं आली, 'रडू नको, मी लवकर येईन.' मग बापाचा हात मुलीच्या केसांवरून फिरला, त्याचे ओठ हलले आणि रोशनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. याच पाण्यावर परीक्षक खूश झाले होते. ग्लिसरीन नाही, काही नाही.

पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं शेजारणीकडे वळून भराभर बोटं हलवली. शेजारणीनं मागच्या रांगेला काहीतरी सांगितलं. बघता बघता पोरं पडदा सोडून कडेच्या खुर्चीवर बसलेल्या विक्कीकडे बघू लागली. शाळेच्या सुरुची मॅडमनी पाच मुलींशी हातवारे केले, चित्र थांबवायला सांगितलं आणि त्या सरळ त्याच्याजवळ आल्या.

"इथे तुम्ही काय म्हणालात?"

"लिहिलं आहे तेच, मॅडम."

"नाही. आमची मुलं रोज आरशासमोर बसून ओठ वाचायला शिकतात. पाच जणींनी एकच वाक्य वाचलंय." त्यांनी आवाज अगदी खाली आणला. "'तुझाच ताप आईला लागला. तुझ्यामुळे ती मेली.'"

विक्कीच्या तोंडचं पाणी पळालं.

वर्षापूर्वी शूटिंगच्या दिवशी अकरा वेळा शॉट फसला होता. ऊन उतरत चाललं होतं आणि रोशनी काही केल्या रडेना. "काही पण बोला भाऊ," पियूष कॅमेऱ्यामागून ओरडला होता, "आवाज कुठं येऊन राहिला? चेहरा तेवढा मायेचा ठेवा." विक्कीनं मायेचा चेहरा ठेवला आणि ते बोलला. त्याची बायको गेली होती काविळीनं. ती गेली त्या आठवड्यात पोरीला साधी सर्दी होती, अंग जरा कोमट होतं, इतकंच. शॉट ओके झाल्यावर त्यानं तिला दोन कुल्फ्या घेऊन दिल्या आणि ते वाक्य विसरून गेला. ऐकणारं कोणी नव्हतंच ना!

"ॲक्टिंग होती, मॅडम," तो म्हणाला. आपलाच आवाज त्याला परका वाटला. "तिलेही माहीत आहे. काय वं रोशनी?"

शेजारच्या खुर्चीवर रोशनी पांढरीफटक पडली होती.

"मी कोणालेच नाही सांगतलं, पप्पा," ती म्हणाली. "खरंच. यायले कसं समजलं?"

विक्कीला वाटलं, पायाखालची फरशी फाटावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. वर्षभर ही पोर नुसतं शिंकली तरी आपली उशी उचलून आत्याकडे झोपायला जात होती. अंग तापलं की त्याच्या ताटात जेवत नव्हती, त्याला गालाला हात लावू देत नव्हती. आणि तो आरामशीनवर सगळ्यांना सांगत होता, पोरगी लई समजदार झाली, आईविना वाढलेली ना. ते आठवून त्याला स्वतःची किळस आली.

तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. हॉलभर पोरं टाचा उंचावून त्याच्या तोंडाकडे बघत होती. मान खाली घालायचीही सोय नव्हती.

"खोटं होतं ते, बेटा. मीच खोटं बोललो. आई काविळीनं गेली. तुह्या तापाचं काही नव्हतं त्यात. तू रडावं म्हणून बोललो मी. तुह्यामुळं काहीच नाही झालं."

रोशनीनं त्याचा चेहरा निरखून पाहिला. डोळे भरलेले, ओठ थरथरणारे. मग तिनं त्याच्या खांद्यावरून पियूषकडे पाहिलं. पियूषच्या हातात कॅमेरा नव्हता, मोबाइलही नव्हता. तो भिंतीला टेकून खाली बघत उभा होता. तिनं खिडकीपाशी पाहिलं, दाराशी पाहिलं. कुठेच कॅमेरा दिसेना, तशी ती गोंधळली.

"पप्पा," ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "आता मले हसायचं आहे का रडायचं?"