शाईचा वास

याफेन नवऱ्याशेजारी बसून शाईची कांडी दगडावर घोटत होती. लग्न झाल्यापासून हे काम तिचंच. चिनी सुलेखनात नवऱ्याच्या तृणशैलीचा मोठा दबदबा होता. कुंचला एकदा टेकला की ओळ संपेपर्यंत उचलायचा नाही. अक्षरं एकमेकांत विरघळून जायची. जाणकार माना डोलवायचे. याफेनला चांगलं वाचता यायचं, पण त्यातलं एकही अक्षर कधी लागलं नाही.

काल प्रदर्शनात एका पाहुण्याने तिला विचारलं, "तुम्हाला यातलं काय आवडतं?"

"शाईचा वास," ती म्हणाली. मागे उभ्या असलेल्या नवऱ्याने ते ऐकलं.

आज प्रदर्शनात सगळ्यांसमोर नवऱ्याने कागदावर कुंचला टेकवला आणि पहिल्याच अक्षरानंतर उचलला. पुढच्या अक्षरानंतरही उचलला. ही तर धावती शैली, कुणालाही वाचता येणारी.

"गुरुजींचा हात थकला," एक शिष्य कुजबुजला.

तेही त्यांनी ऐकलं. तरी प्रत्येक अक्षर सुटं ठेवत त्यांनी सावकाश लिहिलं, "शाई याफेनने घोटली."

तिने ते वाचलं. दगडाच्या खळग्यात शाई काठोकाठ भरली होती, तरी ती घोटतच राहिली.